परदेशी पीएच.डी.च्या ऑफर हातात आल्यावर: निवड कोणत्या क्रमाने करायची

दोन-तीन विद्यापीठांकडून होकार आला की बहुतेक विद्यार्थी ठरावीक क्रमाने विचार करतात: आधी रँकिंग, मग स्टायपेंडचा आकडा, मग शहर आणि सगळ्यात शेवटी गाईड. ऑफर लेटरची दुसरी-तिसरी पानं तर कित्येकदा व्हिसाच्या वेळीच उघडली जातात. हा क्रम उलटा करायला हवा. रँकिंग कधीही बघता येतं. मुदत, पैशाची हमी आणि गाईडची माहिती या गोष्टी मात्र होकार देण्याआधीच काढायच्या असतात, नंतर त्यांचा काही उपयोग नसतो.

हे टप्पे दुसऱ्या देशात पीएच.डी.ला जाणाऱ्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यासाठी आहेत. पहिले तीन टप्पे दोन-तीन संध्याकाळींत कागदांवर उरकतात. चौथा आणि पाचवा वेळखाऊ आहेत, त्यांच्यासाठी निदान दोन आठवडे राखून ठेवा.

## टप्पा १: तारखा आणि कागद

प्रत्येक ऑफरसमोर उत्तराची शेवटची तारीख लिहा. वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे तेही लिहा, कारण अर्ज भरण्याच्या पोर्टलला त्याचीच पडलेली असते.

अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेचा एक ठराव आहे. त्यात सामील असलेल्या विद्यापीठाने आर्थिक साहाय्यासह ऑफर दिली असेल, तर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. मार्चच्या सुरुवातीलाच एखाद्या विभागाने 'तीन दिवसांत कळवा' असं लिहिलं, तर या ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे मुदत मागता येते. मागण्याआधी ते विद्यापीठ यादीत आहे ना, एवढं बघून घ्या.

युरोपात हा ठराव लागू नाही. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन इथली बरीच पीएच.डी. पदं नोकरीच्या जाहिरातीसारखी वर्षभर निघतात आणि निवड झाल्यावर थोड्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे फेब्रुवारीत युरोपचा होकार आणि अमेरिकेचे निकाल मार्चअखेर, असा पेच हमखास पडतो. अशा वेळी गप्प बसू नका. 'मला आणखी दोन ठिकाणच्या निकालाची वाट आहे, अमुक तारखेपर्यंत मी नक्की कळवेन' असं तारखेसकट लिहा. गाईडला तारीख मिळाली की तो दुसऱ्या उमेदवाराला थांबवून ठेवायचं की नाही ते ठरवू शकतो. 'थोडा वेळ हवा आहे' एवढंच लिहिलं तर त्याच्या हाती काहीच लागत नाही.

सावध: 'आत्ता हो म्हणून ठेवू, चांगलं काही आलं तर बघू' हा विचार इथे महागात पडतो. तुमच्या होकारावर दुसऱ्या उमेदवाराला नकार गेलेला असतो, आणि एकेका विषयात काम करणारे लोक इतके थोडे असतात की तोच प्राध्यापक पुढे कधीतरी तुमच्या शोधनिबंधाचा परीक्षक निघू शकतो.

तपासा: ऑफर नक्की कोणाकडून आली आहे? 'तू आमच्या ग्रुपमध्ये आलास तर आनंद होईल' असा प्राध्यापकाचा ई-मेल ही ऑफर धरू नका. प्रवेश देणारं पत्र आणि पैशाची हमी देणारं पत्र ही दोन्ही हातात हवीत. कधी ती एकाच कागदावर असतात, कधी वेगळी येतात. जर्मनीत नोकरीचा करार आणि विद्यापीठाने डॉक्टरेटसाठी स्वीकारणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माक्स प्लांकसारख्या विद्यापीठाबाहेरच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्यालाही पदवी विद्यापीठच देतं, तेव्हा ते कोणतं, हे आत्ताच विचारा.

## टप्पा २: ऑफर कोणत्या प्रकारची आहे

तुलना चुकते ती बहुधा इथे. समोरच्या तीन ऑफर दिसायला सारख्या असल्या, तरी तीन वेगळ्या गोष्टी देऊ करत असतात.

अमेरिकेत जीवशास्त्राच्या अनेक कार्यक्रमांत प्रवेश एका गाईडकडे नाही, तर विभागात मिळतो. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवड्यांचं रोटेशन करून मग गाईड ठरतो. अशा ठिकाणी एकाच प्राध्यापकावर जीव जडवू नका. तुम्हाला चालतील असे आणि त्या वर्षी विद्यार्थी घेणार असलेले किमान तीन ग्रुप हवेत. 'या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का?' हा प्रश्न त्या तिघांना थेट विचारा. वेबसाइटवर नाव असतं, पण निधी किंवा जागा नसते, असं बऱ्याचदा निघतं.

काही ठिकाणी प्रवेशच ठरलेल्या लॅबमध्ये मिळतो. तिथे तुम्ही विद्यापीठापेक्षा एक माणूस निवडत असता, म्हणून टप्पा ४ दुप्पट काळजीने करा.

जर्मनी, नेदरलँड्स आणि नॉर्डिक देशांत पीएच.डी. ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते: करार, रजा, सामाजिक विमा सगळं त्यात आलं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात शिष्यवृत्ती बऱ्याचदा विशिष्ट प्रकल्पाला जोडलेली असते. तिथे विषय बदलण्याची मुभा किती, हे आधी विचारावं लागतं.

कालावधीची तुलना वर्षांवर करू नका, तारखेवर करा. अमेरिकेत पदवीनंतर थेट जाता येतं आणि साधारण ५ ते ६ वर्षं लागतात. युरोपात बहुतांश ठिकाणी आधी मास्टर्स लागतं आणि पुढे ३ ते ४ वर्षं. स्वीडनमध्ये संशोधन ४ वर्षांचं धरतात, पण २० टक्क्यांपर्यंत अध्यापन किंवा विभागाचं काम असेल तर तेवढी मुदत वाढते. 'मी कोणत्या वर्षी मोकळा होईन?' या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक ऑफरसमोर लिहा. मास्टर्स झालेलं असेल तर अमेरिकेत किती कोर्स माफ होतात तेही विचारा. कधी एक सत्र वाचतं, कधी काहीच नाही.

## टप्पा ३: पैशाचं गणित, महिन्यावर आणून

स्टायपेंडचा ठळक अक्षरातला आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. तो ९ महिन्यांचा आहे की १२ महिन्यांचा, हा पहिला प्रश्न. ९ महिन्यांचा असेल तर उन्हाळ्याचे पैसे कोण देतं, आणि 'साधारणपणे मिळतात' म्हणजे किती जणांना मिळाले?

त्यानंतर वजाबाकी. ट्यूशन माफ असली तरी विद्यापीठाची सक्तीची फी वेगळी असू शकते. आरोग्यविम्याचा हप्ता कोण भरतं? कर किती? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ऑफर 'अ': वर्षाला ३६,००० डॉलर, सक्तीची फी २,४००, विमा ३,०००, घरभाडं महिना १,६००. ऑफर 'ब': वर्षाला ३०,०००, फी ६००, विमा विद्यापीठाचा, भाडं महिना ९००. करापूर्वी 'अ'मध्ये महिन्याला ९५० डॉलर उरतात आणि 'ब'मध्ये १,५५०. कागदावर 'अ' सहा हजारांनी वरचढ होता.

अमेरिकी स्टायपेंड आणि जर्मन पगार शेजारी ठेवून तुलना करू नका. जर्मन करारात बहुधा टीव्ही-एल ई१३ ही सरकारी वेतनश्रेणी आणि पुढे टक्केवारी असते: ५०, ६५, ७५ किंवा १००. ही टक्केवारीच तुमचा पगार ठरवते. अर्ध्या पगारात काम मात्र पूर्णवेळ अपेक्षित असतं, हे तिथलं उघड गुपित आहे. लिहिलेल्या ढोबळ पगारातून कर आणि आरोग्यविम्यासह सामाजिक विम्याची कपात होते, म्हणून हातात पडणारी रक्कमच विचारा.

ब्रिटनमध्ये दोन खड्डे आहेत. पहिला: शिष्यवृत्ती फक्त स्थानिक दराची फी भरते का? परकीय विद्यार्थ्याचा दर बराच जास्त असतो आणि काही शिष्यवृत्त्यांत वरचा फरक तुमच्या माथी येतो. दुसरा: व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार. विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे आणि सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो, म्हणजे ४ वर्षांचे ३,१०४ पौंड, पहिला स्टायपेंड मिळायच्या आत. विद्यापीठ तो परत देतं का, हे विचारायला लाजू नका.

आता हमी. पत्रात 'पाच वर्षं हमी' लिहिलं आहे, की 'निधी उपलब्ध असल्यास' असं शेपूट जोडलं आहे? आणि ही हमी विभागाची आहे की फक्त गाईडच्या ग्रँटवर, म्हणजे त्याला मिळालेल्या संशोधन अनुदानावर, टांगलेली?

सावध: 'आमच्या विद्यार्थ्यांना फेलोशिप सहज मिळतात' हे वाक्य परकीय विद्यार्थ्याला लागू नसू शकतं. एनएसएफ (विज्ञान) आणि एनआयएच (आरोग्य) या अमेरिकेच्या सरकारी निधीसंस्था. एनएसएफची ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप आणि एनआयएचच्या टी३२ ट्रेनिंग ग्रँट फक्त तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासारख्यांसाठी असतात. म्हणून विचारा: 'परकीय विद्यार्थ्यांचा खर्च आत्ता कशातून चालतो आणि त्यांना किती सत्रं शिकवावं लागतं?' स्थानिक विद्यार्थी फेलोशिपवर निवांत संशोधन करतो आणि परकीय विद्यार्थी दर सत्राला प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासतो, असं चित्र एकाच लॅबमध्ये दिसू शकतं.

तपासा: अमेरिकेतल्या शहरांसाठी राहणीखर्चाचा अंदाज देणारं एमआयटीचं लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर उघडा आणि त्या काउंटीचा (जिल्ह्याचा) एकट्या माणसाचा खर्च स्टायपेंडशेजारी लिहा. नंतर व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो आय-२० फॉर्म आला की त्यावरही वर्षाचा अंदाजे खर्च आणि मिळणारी मदत छापलेली असते. दोन्हींत तफावत असेल तर ती तुम्ही कुठून भरणार हे व्हिसा अधिकारी विचारू शकतो.

## टप्पा ४: गाईडची चौकशी, त्याच्याशी बोलण्याआधी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. जवळपास सगळी माहिती उघड्यावर असते, फक्त कोणी शोधत नाही.

गेल्या पाच-सहा वर्षांतले शोधनिबंध काढा. किती आहेत यापेक्षा पहिला लेखक कोण, हे बघा. सगळीकडे पोस्टडॉकच (पीएच.डी. झालेले संशोधक) पहिले असतील तर विद्यार्थी त्या लॅबमध्ये काय करतात हा प्रश्न उरतो. एखाद्या विद्यार्थ्याचा पहिला निबंध चौथ्या-पाचव्या वर्षी येत असेल, तर ती त्या विषयाची रीत आहे की या लॅबची, हे दुसऱ्या ग्रुपशी ताडून बघा.

मग विद्यापीठाच्या प्रबंधसंग्रहात गाईडच्या नावाने शोधा. कोणी कोणत्या वर्षी प्रबंध सादर केला याची यादी होईल. त्यांनी सुरुवात कधी केली हे लिंक्डइनवर सापडतं. वजाबाकी करा. विभाग सांगतो ती सरासरी आणि या लॅबचा खरा आकडा यांत कधी कधी दीड-दोन वर्षांचं अंतर निघतं.

आता जास्त महत्त्वाची यादी: जे आले, पण ज्यांचा प्रबंध नाही. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये लॅबच्या 'सदस्य' पानाच्या जुन्या प्रती उघडा. चार वर्षांपूर्वी तिथे असलेली आणि आज प्रबंधाशिवाय नाहीशी झालेली नावं टिपून ठेवा. एखादा विद्यार्थी सोडून जाणं नेहमीचं आहे. चारांतले तीन गेले असतील तर त्यामागचं कारण कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ग्रँटही उघड्या संकेतस्थळांवर शोधता येतात. अमेरिकेसाठी एनआयएच रिपोर्टर आणि एनएसएफ अवॉर्ड सर्च, ब्रिटनसाठी गेटवे टू रिसर्च, जर्मनीतल्या डीएफजी या निधीसंस्थेच्या प्रकल्पांसाठी गेप्रिस, युरोपीय संघाच्या निधीसाठी कॉर्डिस. रकमेपेक्षा संपण्याची तारीख बघा. एकमेव ग्रँट पुढच्या वर्षी संपत असेल तर लगेच घाबरू नका, नवे अर्ज चालू असतील. पण तुमच्या प्रश्नांच्या यादीत ही तारीख पहिली असली पाहिजे.

गाईड कारकिर्दीच्या कोणत्या वळणावर आहे तेही बघा. नव्या सहायक प्राध्यापकाकडे वेळ आणि धडाडी दोन्ही असतात, मात्र अमेरिकेत टेन्युअरचा (कायम नेमणुकीचा) निर्णय साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास होतो आणि तो विरुद्ध गेला तर लॅब हलते. निवृत्तीजवळच्या प्राध्यापकाकडे नाव आणि ओळखी असतात, पण तुमच्या प्रबंधाच्या वर्षी तो पदावर असेल का? माझं मत विचाराल तर ज्याचे पहिले एक-दोन विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले आहेत असा, टेन्युअरच्या उंबरठ्यावरचा गाईड हा बऱ्याच जणांसाठी चांगला सौदा असतो, आणि नेमका तोच रँकिंगच्या नादात दुर्लक्षिला जातो.

## टप्पा ५: माणसांशी बोला, पण क्रमाने

आधी सध्याचे विद्यार्थी, मग सोडून गेलेले, मग गाईड. उलट क्रमाने गेलात तर गाईडने सांगितलेलं चित्र डोक्यात बसतं आणि विद्यार्थ्यांकडून तुम्ही फक्त त्याला दुजोरा मागता.

विद्यार्थ्याला ई-मेलवर टीका लिहायला लावू नका. कोणीही लिहून देणार नाही. पंधरा-वीस मिनिटांचा कॉल मागा, त्या कॉलवर दुसरं कोणी नको. 'गाईड चांगला आहे का?' या प्रश्नाला 'हो' याखेरीज उत्तर नसतं. असं विचारा:

- गेल्या महिन्यात गाईडशी समोरासमोर किती वेळा बोललात?
- मसुदा दिल्यावर तो किती दिवसांनी परत आला?
- शेवटची सलग आठवडाभराची सुट्टी कधी घेतली?
- एखादा प्रयोग सहा महिने चालला नाही, तेव्हा काय झालं?
- पहिला लेखक कोण हे कधी ठरतं, सुरुवातीला की शेवटी?
- लॅबमधला कोणी परकीय विद्यार्थी व्हिसामुळे अडकला तेव्हा पगाराचं काय झालं?

उत्तरांपेक्षा उत्तराआधीचा विराम ऐका. 'इथे पूर्ण स्वातंत्र्य आहे' याचा अर्थ कधी खरंच स्वातंत्र्य असतो, तर कधी गाईड दोन महिने भेटत नाही असा असतो. 'म्हणजे शेवटची भेट कधी झाली?' असं लगेच विचारलं की उलगडा होतो.

सोडून गेलेल्यांना लिहिताना दोन ओळी पुरे: मला ऑफर आहे, दहा मिनिटं बोलता येईल का. निम्मे जण उत्तर देणार नाहीत. जे देतील त्यांची कटुताही हिशेबात धरा. एकाचं गाऱ्हाणं हा किस्सा समजा. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी तीच गोष्ट सांगितली तर ती खरी मानायला हरकत नाही.

शेवटी गाईड. त्याला विचारा: माझा पहिल्या वर्षाचा प्रकल्प कोणता, तो फसला तर दुसरा कोणता, माझ्या तिसऱ्या वर्षानंतरचा निधी कुठून येणार, पुढच्या पाच वर्षांत विद्यापीठ बदलण्याचा किंवा निवृत्तीचा विचार आहे का, आणि तुमचे गेले तीन विद्यार्थी आज कुठे आहेत. शेवटच्या प्रश्नावर तो संशोधनाबाहेर गेलेल्या विद्यार्थ्याबद्दल कसं बोलतो, हे कान देऊन ऐका.

सावध: विद्यार्थ्यांशी स्वतंत्रपणे बोलू द्यायला गाईड टाळाटाळ करत असेल, तर तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर समजा.

## टप्पा ६: परकीय नागरिक म्हणून वेगळे प्रश्न

हे प्रश्न स्थानिक विद्यार्थ्यांना पडत नाहीत, म्हणून त्यांच्या सल्ल्यातही येत नाहीत.

जोडीदार बरोबर येणार असेल तर तो निर्णायक मुद्दा ठरू शकतो. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याच्या, एफ-२ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येत नाही, पण संशोधन पदवीला मुभा आहे आणि जोडीदार कामही करू शकतो.

पदवीनंतर किती काळ राहता येईल? अमेरिकेत ओपीटीचे (विषयाशी संबंधित काम करण्याच्या परवानगीचे) १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना वर २४ महिने. ब्रिटनमध्ये डॉक्टरेटनंतर ग्रॅज्युएट रूट या व्हिसावर ३ वर्षं. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने. हे नियम मध्येच बदलतात, तेव्हा निर्णयाच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा वाचा.

विषय संवेदनशील असेल (अणुविज्ञान, काही पदार्थविज्ञान, प्रगत संगणन) तर वेळ वाढवून धरा. ब्रिटनमध्ये अनेक देशांच्या नागरिकांना अशा विषयांसाठी व्हिसाआधी एटीएएस हे सरकारी सुरक्षा-मंजुरीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अमेरिकेत मुलाखतीनंतर व्हिसा प्रशासकीय तपासणीत कित्येक आठवडे अडकू शकतो. अशा ठिकाणी 'रुजू होणं एका सत्राने पुढे ढकलता येईल का?' याचं लेखी उत्तर आधीच घेऊन ठेवा. निर्यात नियंत्रणाच्या (संवेदनशील तंत्रज्ञान परदेशी हातात जाऊ नये म्हणून असलेल्या नियमांच्या) कक्षेतल्या काही प्रकल्पांवर परकीय नागरिकांना काम करता येत नाही, मग लॅबचा मुख्य प्रकल्प नेमका तोच आहे का?

युरोपात मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कची (युरोपीय संघाच्या निधीवरची) जागा असेल तर स्थलांतराची अट तपासा: नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावेत. त्याच देशात नुकतंच मास्टर्स केलेले विद्यार्थी इथे बाद होतात, तेही कधी कधी मुलाखत झाल्यावर.

## टप्पा ७: बिनसलं तर वाट आहे का

गाईड बदलता येतो का, आणि गेल्या काही वर्षांत कोणी खरंच बदलला आहे का? विभागाची हमी असलेल्या कार्यक्रमात हे शक्य असतं. एकाच ग्रँटवरच्या नोकरीत करार संपला की पगार जातो आणि राहण्याचा परवानाही धोक्यात येतो. पीएच.डी. पुढे चालू ठेवण्यासाठीच्या क्वालिफाइंग परीक्षेत नापास झाल्यास दुसरी संधी मिळते का, मधे सोडल्यास मास्टर्स पदवी देतात का, हेही विचारून ठेवा. प्रश्न अप्रिय वाटतो म्हणून तो वगळतात. विभागाच्या समन्वयकाला मात्र त्याची सवय असते.

## टप्पा ८: तुलना आणि निर्णय

गुणांचा तक्ता करून प्रत्येक मुद्द्याला वजन देण्याची पद्धत लोकप्रिय आहे. मला ती पटत नाही. मनात आधीच ठरलेलं उत्तर येईपर्यंत माणूस वजनं बदलत राहतो. त्याऐवजी आधी बाद करा: खर्च भागत नाही, निधीची लेखी हमी नाही, चालणारा गाईड एकच आणि त्याच्याबद्दल दोघांनी सावध केलं आहे. यातलं एक जरी असेल तरी ती ऑफर बाजूला ठेवा, मग विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो. सहसा दोन उरतात. त्या दोघींत रोजचं काम कुठे जास्त आवडेल हे बघा, आणि तरीही अडलं तरच रँकिंग.

होकारापूर्वी काही मागता येतं का? अमेरिकेत स्टायपेंड विभागाने ठरवलेला असतो आणि सहसा हलत नाही. पण प्रवासखर्च, उन्हाळ्यात लवकर रुजू होऊन पहिलं रोटेशन, पहिल्या वर्षी शिकवण्यातून सूट, एवढं विचारून बघायला हरकत नाही. दुसरी ऑफर दाखवून धमकावण्याचा सूर मात्र नको.

## टप्पा ९: होकार आणि नकार

1. तोंडी मिळालेली प्रत्येक गोष्ट एका ई-मेलमध्ये लिहून गाईडला किंवा समन्वयकाला पाठवा: 'आपल्या बोलण्यानुसार मी असं समजतो की…' त्यावर नुसतं 'बरोबर' आलं तरी चालेल.
2. पोर्टलवर होकार द्या आणि पोचपावती जतन करा. गाईडला पाठवलेला आनंदाचा ई-मेल होकार म्हणून धरला जात नाही.
3. पोचपावती आल्यावरच, पण त्याच दिवशी, बाकीच्यांना नकार कळवा. दोन ओळी, आभार, आणि वाटल्यास कुठे जाताय ते. तुमच्या एका नकारावर प्रतीक्षा यादीतलं कोणीतरी थांबलेलं असतं.
4. ऑफर सशर्त असेल तर शर्तींची यादी करा: अंतिम गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, भाषेची परीक्षा. पदवी प्रमाणपत्र उशिरा मिळणार असेल तर विद्यापीठाचं तात्पुरतं प्रमाणपत्र चालेल का, हे आत्ताच विचारा.
5. अमेरिकेसाठी आय-२० आल्यावर नाव, जन्मतारीख, कार्यक्रमाची पातळी आणि निधीचा आकडा पासपोर्ट व ऑफर लेटरशी ताडून बघा. चूक असेल तर ३५० डॉलरची सेव्हिस फी (परकीय विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) भरण्याआधी दुरुस्त करून घ्या, कारण पुढचे सगळे अर्ज त्याच नोंदीवर चालतात.
6. व्हिसा हातात येईपर्यंत न परतणारं विमानाचं तिकीट काढू नका, घराचं डिपॉझिटही भरू नका. वसतिगृहाचा अर्ज मात्र होकाराच्या दुसऱ्याच दिवशी करून टाका, त्याच्या रांगा लांब असतात.